'वाइल्ड वेस्ट शो'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, अमेरिकेत काउबॉय आणि घोड्यांचे खेळ करणाऱ्या बफेलो बिल कोडीवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात 'वाइल्ड वेस्ट शो' पानोपानी आहे. आधी 'सर्कस' लिहून मोकळी झाले पण पटेना. 'रानटी पश्चिम' तर कैच्या कै वाटतं. सुचवा काहीतरी.

>> सर्कस नकोच. सर्कशीचं रिंगण 42 फुटी, त्यात घोडा गोल गोल पळणार. कोडीने 1883 ला जे सुरू केलं ते उघड्या मैदानावर, घोडे सुसाट सोडलेले, डेडवूड गावच्या घोडागाडीवर लुटुपुटूचा हल्ला, आणि त्यात अमेरिकेचे खरेखुरे मूळ रहिवासी, 1885 ला तर खुद्द त्यांचा नामांकित सरदार सिटिंग बुल. शिवाय कोडी स्वतःच 'शो' शब्द टाळायचा, नाव नुसतं 'बफेलो बिल्स वाइल्ड वेस्ट', म्हणजे शो हे लोकांनी मागून चिकटवलेलं शेपूट.

>> मग 'खेळ' म्हणा की. तंबूतला सिनेमा असो नाहीतर कठपुतळ्या, आपल्याकडे सगळ्याचा खेळच असतो. आणि ट्रिक रायडरला 'चाबुकस्वार' कसा वाटतो?

>> चाबुकस्वार म्हणजे घोड्याला वळण लावणारा हो, पाठीवर उलटा लटकणारा नव्हे. 1880 ला मुंबईत सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे दोन्हीत तरबेज होते ते सोडा, पण शब्द वेगळे. सरळ 'घोड्यावरच्या कसरती करणारा' लिहा, लांब होतं तर होऊ दे.

>> आणि प्लीज 'शार्पशूटर' तसाच ठेवू नका, आपल्या पेपरांत शार्पशूटर म्हणजे सुपारी घेणारा गुंड!! कोडीकडची ॲनी ओकली हातातल्या आरशात बघून खांद्यावरून मागे नेम धरायची, तिला नेमबाजच म्हणा. कोडीला म्हणताना मात्र माझी जीभ जरा अडखळते, तो दौडत्या घोड्यावरून काचेचे गोळे फोडायचा खरा पण काडतुसात बारीक छर्रे असायचे. अर्थात गोळी असती तर समोरचं पब्लिकच आडवं झालं असतं.

>> जाता जाता, अमेरिकेत फुकट पासालाच 'ॲनी ओकली' म्हणायचे, पासाला भोक पाडलेलं असायचं ना, तिने गोळी मारलेल्या पत्त्यासारखं.

थँक्यू सगळ्यांना. पहिल्यांदा 'वाइल्ड वेस्टचा खेळ', पुढे नुसता 'खेळ', आणि शार्पशूटर उडवला. आता लेखात पुढे कोडीच्या खेळातले घोडेस्वार, 'रफ रायडर्स', आलेत, त्यांचं काय करू?

>> 'रांगडे स्वार'?

>> आवडलं. घ्या.