मांडीवर बसणारं मांजर हवं असेल, तर पिल्लू बघून कळतं का?

तापीकाठ (जळगाव)
आईला मांजर हवंय. उंदरांसाठी नाही, मांडीवर बसायला. वडील गेल्यापासून संध्याकाळी टीव्हीसमोर ती एकटीच असते. ओळखीतल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यावर सरकीच्या पोत्यांमागे भाटी व्यालीय. चार पिल्लं आहेत, साधारण महिन्याची. जो तो सांगतोय, पिवळा बोका घे, पिवळे मायाळू असतात. नाहीतर म्हणे, जे स्वतःहून जवळ येईल ते घे.

मला दोन्ही पटत नाही, म्हणूनच धागा काढलाय. पिल्लू बघून काहीही कळत नाही. जे आधी धावत येतं ते एकतर भुकेलं असतं, नाहीतर आगाऊ. आगाऊ पिल्लू मोठं झालं की पडद्यावर चढतं, मांडीवर घटकाभर टिकत नाही. कुठलंही घ्या, माया लावा, ते बसेल. कुणाचं मत वेगळं असेल तर कारण सांगा, नुसतं 'आमच्याकडे असंच होतं' नको.

मनीची_मालकीण (भुसावळ)
माझं मत वेगळं आहे, दादा. कळतं, फक्त नजरेने नाही, हाताने. पिल्लू उचला, तळहात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. तसंच अंगाशी धरून ठेवा. सगळीच आधी वळवळतात, त्यावरून काही ठरवू नका. बघायचं ते पुढे काय होतं. एखादं थोड्या वेळात अंग सैल सोडतं, नाक हाताच्या बेचक्यात खुपसतं आणि घुर्र घुर्र सुरू. दुसरं पाय ताठ करून नखं बाहेर काढूनच राहतं, कान मागे. पहिलं घ्या. आणि हे एकदाच करून चालत नाही, वेगळ्या दिवशी, पोट भरलेलं असताना पुन्हा करा. तुमचं 'भुकेलं असतं' खरं आहे, पण म्हणून निवडच फोल कशी?

खळ्यावरचा (चोपडा)
काय भो, मांजरीची पण मुलाखत घ्यायला लागले! आमची आजी म्हणायची, 'मांजर घर धरस, मानूस नही धरस.' आमच्या धाब्याच्या घरात कायम मांजरं असायची, कणगीपाशी झोपायची, उंदीर धरायची. मांडीवर कुणी बसवली नाही आणि कुणाचं अडलंही नाही. भाकरी-दूध टाकलं की झालं.

सुई_टोचणारा (शिरपूर)
खळ्यावरचे अप्पा, तुमच्या आजीच्या घरात पिल्लांना कुणी हात लावत नसेल, म्हणून ती माणूस धरत नसतील. मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, थोडं नीट सांगतो.

पिल्लाला माणसाची सवय लागायचा खरा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. अमेरिकेत टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलेली पिल्लं पुढे माणसाजवळ जास्त थांबली, सातव्यापासून हाताळलेली कमी. रोज जास्त वेळ हाताळलेली त्यातही पुढे. म्हणजे तापीकाठ, 'कुठलंही घ्या' हे तुमचं अर्धंच खरं. तीन महिन्यांचं, कधी हातच न लागलेलं पिल्लू आणलंत तर माया लावूनही ते बहुतेक पलंगाखालीच राहील.

दुसरं कारण बापाचं. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५ च्या अभ्यासात धीट बोक्याची पिल्लं धीट निघाली, आणि त्यांनी बाप पाहिलेलाही नव्हता. म्हणजे आगाऊपणा वाईट नाही. नव्या माणसाला न घाबरणारं पिल्लूच पुढे मांडीवर येतं. जिनिंगवर बाप कोण ते विचारू नका, तिथे कुणालाच माहीत नसणार. पण आई माणसांत वावरते की फिसकारून पळते, ते बघता येईल.

मनीची_मालकीण
आणि पिवळ्याचं काय, डॉक्टर?

सुई_टोचणारा
डॉक्टर नाही ताई, मदतनीस आहे. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून केशरी मांजरांत पाचातले चारेक बोकेच निघतात. लोक बोक्यांचा स्वभाव रंगावर खपवतात, असं माझं मत. रंगावरून निवडू नका.

तापीकाठ
बरं, दोन ते सात आठवडे मान्य. मग पिल्लं महिन्याची झालीच आहेत, उद्याच उचलून आणतो. आईच्या हातात तेवढे जास्त दिवस मिळतील.

मनीची_मालकीण
अजिबात नको! आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. आपण चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ सोडून जातं, तेव्हा त्याला कळतं. लवकर तोडलेलं पिल्लू मांडीवर येतं खरं, पण कुरवाळता कुरवाळता कचकन चावतं. तुमच्या आईची कातडी वयानुसार पातळ असणार, विचार करा.

तापीकाठ
मग सात आठवड्यांचा काळ आणि आठ आठवड्यांची अट, दोन्ही कसं जमायचं?

सुई_टोचणारा
सोपं आहे. पिल्लं तिथेच राहू द्या आणि आईंना रोज संध्याकाळी जिनिंगवर घेऊन जा. त्यांनी खाली पोत्यावर बसायचं, मांडीवर जुनं लुगडं, बाकी काही नाही. झडप घालून उचलायचं नाही. वास ओळखीचा होईल, आवाज ओळखीचा होईल, आणि मालकीणताईंची हातावरची परीक्षाही होईल. बोचकारलंच तर लगेच साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथली मांजरं लस न घेतलेली आहेत, हलक्यात घेऊ नका. घरी आणल्यावर तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस. आणि अप्पांचं दूध नको, मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही, हगवण लागते.

केळीबाग (रावेर)
सगळे पिल्लू-पिल्लू करताय, मला हे समजतच नाही. ज्यांना हमखास मांडीवरचं मांजर हवं त्यांनी दीड-दोन वर्षांची भाटी घ्यावी. स्वभाव ठरलेला असतो, समोर दिसतो. पिल्लाचं सगळं अंदाजपंचे. शिवाय पिल्लू पहिलं वर्ष धुमाकूळ घालणार, आईंच्या वयाला ते झेपणार का? पिल्लू हवं ही हौस तुमची आहे की त्यांची?

आणि अजून एक, इथे कुणी बोललं नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश असतं. तेव्हा कुठलंच मांजर मांडीवर बसत नाही, मोरीच्या फरशीवर पाय पसरून पडतं. आमचं थंडीत अंगावरून उतरत नाही आणि उन्हाळ्यात ओळखही दाखवत नाही. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर मे उजाडला की म्हणतील, रुसलं.

खळ्यावरचा
हे मात्र खरं बोलला गडी.

तापीकाठ
केळीबाग, हौस तिचीच आहे. तिला वाढवायचं आहे काहीतरी, आयतं नको. पण धुमाकुळाचं तुमचं खरं आहे, पलंगाशेजारी काचेचं कपाट आहे तिचं.

केळीबाग
मग दोन पिल्लं घ्या. एकमेकांना चावतील, कपाटाला कमी. आणि दोन्हींची नसबंदी सहा महिन्यांच्या आत उरकून टाका, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात पोत्यांमागचा हाच धागा तुमच्या घरातून निघेल.

मनीची_मालकीण
दोन घेतली तर ती एकमेकांच्याच अंगावर झोपतील, मांडी रिकामी! मी याच्या विरोधात.