किर्लोस्करवाडीच्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात गावाचा इतिहास कसा मांडावा?

प्रश्न

सप्रेम नमस्कार. किर्लोस्करवाडीच्या वर्धापनदिनानिमित्त पंचक्रोशीतील शाळांसाठी स्थानिक इतिहासाचे छोटे प्रदर्शन मांडावे, असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. आपल्याकडील बहुतेक गावांचा आरंभ जुन्या सनदांत आणि शिलालेखांत शोधावा लागतो. या गावाचे वर्ष मात्र निश्चित आहे, १९१०. तरीही फलकांचा मसुदा वाचताना मला जाणवले, की तो गावाचा इतिहास न राहता एका कारखान्याची आणि एका कर्तबगार पुरुषाची कथा झाला आहे. कारखाना उभारून हे गाव वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्थान यत्किंचितही कमी न करता गाव दाखवायचे असेल, तर कशावर भर द्यावा?

पहिले उत्तर

आरंभ वस्तीपासून करावा. लक्ष्मणरावांना कारखान्याची बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ जी ३२ एकर जमीन दिली, ती निवडुंगाने भरलेली आणि सापांचा सुळसुळाट असलेली ओसाड जमीन होती. ती साफ करून तेथे बिऱ्हाड थाटणारे कामगार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया हेच गावाचे पहिले रहिवासी होत. त्यांच्यापैकी ज्यांची नावे जुन्या हजेरीपटांत किंवा घरोघरच्या कागदांत सापडतील, त्यांचा फलक प्रवेशद्वाराशीच लावावा, असे मला मनापासून वाटते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही, हेही येथेच सांगता येईल, कारण गाव कोणत्या नियमांनी जगत होते ते त्यातून कळते.

दुसरे उत्तर

वस्तूंची निवड करताना कारखान्यात घडलेल्या लोखंडी नांगराला मध्यवर्ती जागा असावी. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरला, त्याची ही शंका समजून घेऊन मांडावी, ती अडाणीपणा म्हणून दाखवू नये. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडले, ही गोष्ट मुलांना नक्की भावेल. त्याच्या शेजारी ‘किर्लोस्कर खबर’ ठेवावी. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले हे कारखान्याचे वार्तापत्र पुढे मराठीतील एक महत्त्वाचे मासिक झाले, आणि १९३० मध्ये येथूनच ‘स्त्री’ मासिक निघाले. एवढ्याशा वाडीतून मराठी घराघरांत विचार पोहोचत होते, ही मला नांगराइतकीच मोठी गोष्ट वाटते.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, परंतु कुंपणापाशी थांबू नये. शेजारचे कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारचे, प्रमुख केंद्र होते, त्यातील एक नेते जी. डी. बापू लाड याच गावचे, आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वेगाडी लुटण्यात प्रतिसरकारच्या तूफान सेना या सशस्त्र दलाचा पुढाकार होता. औंध संस्थानाने १९३९ मध्ये प्रजेला राज्यकारभार सोपवणारी राज्यघटना स्वीकारली होती, तीही या परिसराच्या इतिहासाचाच भाग आहे. आणखी एक विनंती आहे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या ब्राह्मणविरोधी जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली. वर्धापनदिन आनंदाचा असतो म्हणून हे वगळू नये. वरच्या वर्गातील मुलांना ते शांतपणे सांगावे, आणि पुन्हा उभारणी करणाऱ्या कामगारांचा उल्लेख त्याच फलकावर करावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा आभारी आहे. पहिला फलक आता रहिवाशांचाच असेल, आणि कुंडलसाठी वेगळे दालन ठेवू. १९४८ चा मजकूर प्रथम त्या काळातील कुटुंबांना वाचून दाखवू आणि मगच छापू. जुने हजेरीपट, पगारपत्रके किंवा वसाहतीतील सणांची छायाचित्रे कोणाकडे असल्यास येथे कळवावे. मूळ कागद ताब्यात न घेता त्यांची प्रत करून घेण्याची व्यवस्था आम्ही करू.