गिटारच्या महोगनी बॉडीवर लॅकरचे चार कोट, तरी सुईने टोचल्यासारखे खड्डे

सहावीतार: बॉडी स्वतः कापली, राउट केली (मशीनने खाचा कोरल्या), १२० पासून २२० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासली आणि सरळ नायट्रो लॅकरचा स्प्रे कॅन मारला. लांबून एकदम झकास दिसते पण उजेडात तिरकी धरली की रेषेरेषेने बारीक खड्डे. अजून दोन-तीन कोट मारले तर भरतील ना? सगळं खरवडायचं अगदी जिवावर आलंय.

रंधा: नाही भरणार रे. लॅकरमधलं थिनर उडून गेलं की थर आत बसतो, म्हणजे आज सपाट दिसलं तरी महिन्याने खड्डे परत वर. महोगनी, अ‍ॅश यांची छिद्रं उघडी असतात, ग्रेन फिलर (छिद्रं बुजवायची पेस्ट) आधीच मारायला हवा होता, मेपल असतं तर खपून गेलं असतं. पण खरवडू नकोस. ३२० ने ब्लॉक लावून सपाट कर, खड्ड्यात लॅकर राहिलं तर राहू दे, त्यावर फिलर प्लास्टिकच्या पट्टीने रेषांना आडवा ओढ, वरचा पुसून घे, पूर्ण वाळू दे, मग परत लॅकर. आणि कडांवर हात हलका ठेव, तिथे लाकूड उघडं पडायला दोन फटके पुरतात.

तारकाका: मी तर म्हणतो लॅकर काढा आणि टंग ऑइल चोळा, लाकूड लाकडासारखं लागतं हाताला. फक्त तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, तेल सुकताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवायच्या.

सहावीतार: काका मला आरशासारखी चकाकी हवीय, त्यामुळे फिलरच. अजून एक घोळ, नेक पॉकेटमध्ये (गिटारची मान बसते त्या खाचेत) पण लॅकर गेलंय, नेक अर्धाच जातोय, हातोडी मारू का 😅

रंधा: हातोडी ठेव खाली! पॉकेटच्या कोपऱ्यातून लॅकरला तडा जाईल. ब्लेडने आतलं खरवड, पुढच्या कोटाआधी मास्किंग टेप लाव. शेवटच्या कोटनंतर तीन-चार आठवडे टांगून ठेव, नाक लावून बघ, वास येतोय तोवर पॉलिश नाही. मी एकदा घाई केली होती, रबरी स्टँडचा ठसा अजून आहे मागच्या बाजूला.

सहावीतार: टांगलीय. दिवसातून चार वेळा हुंगतोय.