बाबांच्या औषधांची बिलं ८०डीमध्ये (आरोग्यविमा आणि उपचारखर्चाची करवजावट) धरता येतात का? (जुनी की नवी करप्रणाली, २०२५-२६)

साताऱ्याची लेक
नमस्कार. मी पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करते. जुनी की नवी करप्रणाली, हे एप्रिलचा पगार होण्याआधी एचआरला कळवायचं आहे. वर्षाचा पगार १४ लाख (कंपनीचा पीएफ सोडून), त्यात बेसिक (मूळ पगार) ७ लाख आणि एचआरए (घरभाडे भत्ता) २,८०,०००. घरभाडं महिना २२,०००. पीएफ माझा ८४,००० आणि कंपनीचा तेवढाच, म्हणजे ८०सी (बचत आणि ठरावीक खर्चांची दीड लाखापर्यंतची वजावट) तिथेच भरलं असं धरून चालले आहे. शिवाय मुलीच्या शाळेचे ५२,०००, एलआयसीचे १८,०००. आम्हा तिघांचा मेडिक्लेम १९,०००.

खरा प्रश्न बाबांचा आहे. वय ७२, बायपास झालेली, दोन विमा कंपन्यांनी पॉलिसी नाकारली. आई नाही. औषधपाणी सगळं मीच बघते, गेल्या वर्षी ४६,००० झाले. सगळी बिलं तारखेवार फाइलला लावली आहेत. ऑफिसात म्हणतात, विमा नाही तर ८०डी नाही. मला हे पटत नाही. ज्या माणसाला विमा मिळतच नाही, त्याच्यासाठी कायद्यात काहीच नसेल?

हिशेबनीस
ताई, आहे. आई किंवा वडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांचा आरोग्यविमा नसेल, तर त्यांच्यावर केलेला वैद्यकीय खर्च ८०डीमध्ये ५०,००० पर्यंत धरता येतो. फक्त तो रोखीने दिलेला नको. यूपीआय, कार्ड, चेक काहीही चालेल. तुमच्या घरच्या मेडिक्लेमची २५,००० ची मर्यादा वेगळी, ती यात मिसळत नाही.

पण दोन ठिकाणी तुमचा हिशेब चुकतोय. कंपनीचा पीएफ ८०सीमध्ये येत नाही, फक्त तुमचे ८४,००० येतात. शाळेच्या पावतीतलीही फक्त ट्यूशन फी धरतात. बस, डेव्हलपमेंट फी नाही. तुमच्या पावतीवर ट्यूशन फी किती आहे?

साताऱ्याची लेक
४०,०००. आणि बिलं सगळी यूपीआयने दिली आहेत, रोख एकही नाही! पुण्यातून थेट दुकानदाराला पाठवते.

हिशेबनीस
मग यंदाही औषधांना तेवढेच लागतील असं धरून मांडतो. २०२५-२६ मध्ये पुणे एचआरएसाठी मेट्रोत नाही, त्यामुळे बेसिकचे ५० नाही, ४० टक्के, म्हणजे २,८०,०००. भाडं २,६४,००० वजा बेसिकचे १० टक्के, म्हणजे १,९४,०००. मिळणारा एचआरए, बेसिकचे ४० टक्के आणि हा, या तिन्ही आकड्यांत हाच कमी, म्हणून एचआरएची सूट एवढीच.

जुनी: १४ लाखांतून १,९४,०००, स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) ५०,००० आणि प्रोफेशन टॅक्स २,५०० वजा. मग ८०सीचे १,४२,००० आणि ८०डीचे ६५,०००. उरतात ९,४६,५००. सेससह (करावरचा उपकर) कर १,०५,८७२.

नवी: फक्त स्टँडर्ड डिडक्शन ७५,०००. उरतात १३,२५,०००. सेससह कर ८१,९००.

म्हणजे बाबांची सगळी बिलं धरूनही नवी २३,९७२ रुपयांनी स्वस्त पडते. जुनी बरोबरीला यायला आणखी १,१५,२५० ची वजावट लागेल. ८०सीचे उरलेले ८,००० आणि एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) जादा ५०,००० भरले तरी तिथवर पोहोचत नाही. केवळ कर वाचवायला नवी पॉलिसी घेऊ नका, कळकळीने सांगतोय. मार्चमध्ये घाईने घेतलेल्या पॉलिसींचे हप्ते पंधरा-पंधरा वर्षं भरणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत.

चाकण एमआयडीसी
घरकर्ज असेल तर चित्र पालटतं. माझं व्याज दोन लाखांच्या वर जातं, राहत्या घराला जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत मिळतं. भाडं आणि मुलांची फी वेगळीच. मी जुन्यातच आहे.

ताई, तुमच्या कंपनीत एनपीएस आहे का ते विचारा. कंपनी तिच्याकडून भरते ते, ८०सीसीडी(२). नव्या प्रणालीतही बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते.

हिशेबनीस
हे राहिलंच होतं, बरं झालं आठवण केलीत. ७ लाखांचे १४ टक्के म्हणजे ९८,०००. त्याच १४ लाखांतून कंपनीने एवढे एनपीएसला वळवले, तर करपात्र उत्पन्न १२,२७,००० राहतं. नव्या प्रणालीत करमाफी असलेल्या १२ लाखांच्या जरा वर असल्यामुळे मार्जिनल रिलीफ (मर्यादा थोडक्यात ओलांडल्यास मिळणारी सवलत) लागू होतो: कर वरच्या २७,००० पेक्षा जास्त घेता येत नाही. सेससह २८,०८०. कुठे ८१,९०० आणि कुठे हे! मात्र हातात येणारा पगार कमी होईल आणि ते पैसे बरीच वर्षं अडकतील. बाबांच्या दुखण्यासाठी हाताशी रक्कम ठेवूनच ठरवा.

साताऱ्याची लेक
एचआरला विचारलं. सोय आहे, आजवर कुणी सांगितलीच नव्हती. नवी प्रणाली कळवते आहे, पण ९८,००० एकदम नको, निम्म्याने सुरुवात करेन. बाबांना अचानक पुण्याला आणावं लागलं तर खात्यात काहीतरी असायला हवं.

एकच शेवटचं: वर्षभरात घरकर्ज घेतलं आणि जुनी सोयीची ठरली, तर बदलता येईल ना?

हिशेबनीस
येईल. एचआरला सांगता ते फक्त टीडीएसपुरतं, म्हणजे पगारातून दरमहा कापायच्या करापुरतं. धंद्याचं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरताना पुन्हा निवडता येतं, पण रिटर्न मुदतीत भरायला हवं. उशीर झाला की नवीच. म्हणून बिलांची फाइल चालू ठेवा.