मदत हवी आहे: एस्टीमच्या इंजिनला टर्बो, आतून किती मजबूत करू?

मंडळी, माझ्याकडे जुनी मारुती एस्टीम आहे, जी१३ इंजिन, १२९८ सीसी, मागच्या वर्षी स्टॉक इंजिनवरच छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा) बसवला, बूस्ट म्हणजे हवेचा जादा दाब ०.५ बारच होता, तरी मे महिन्यात हायवेवर तिसऱ्या गिअरला खडखड ऐकू आली आणि घाटकोपरपर्यंत मागे निळा धूर. उघडलं तर ३ नंबर पिस्टनची रिंग लँड (रिंगच्या खाचांमधली कडा) उंदराने कुरतडल्यासारखी तुटलेली. चूक माझीच, स्पार्कचं टायमिंग मागे न घेता (ठिणगी थोडी उशिरा न पाडता) ९१ ऑक्टेनवर पळवत होतो.

आता नीट करायचंय. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन घ्यायचे ठरलंय, कॉम्प्रेशन रेशो ८.५ च्या आसपास. कुर्ल्याचा मिस्त्री म्हणतो कशाला खर्च, जाड हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) टाक, कॉम्प्रेशन आपोआप उतरतं. पण त्याने क्वेंच (पिस्टन वर आल्यावर हेडशी राहणारी अगदी बारीक फट) जातो आणि नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका, तीच खडखड) उलट वाढतं ना? म्हणून मला डिश (माथ्यावर खोलगट) पिस्टनच बरे वाटतात.

विचारायचंय ते हे, ०.८ बारला स्टॉक कनेक्टिंग रॉड टिकतील का जास्त मजबूत एच-बीम रॉडच घेऊ? आणि ७४ मिमी बोअरला वरच्या रिंगच्या दोन टोकांमधला गॅप ०.३५ मिमी धरलाय, मिस्त्री म्हणतो जास्त आहे, तेल पिईल, मला वाटतं कमी ठेवला तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतील आणि पुन्हा लँड जाईल.

शिवाय टॉर्क प्लेट (हेड आवळल्यासारखा ताण ब्लॉकवर आणणारी जाड प्लेट) लावून बोअरिंग करून देणारं मुंबई-ठाण्यात कोणी आहे का? ऑपेरा हाऊसला चार दुकानं फिरलो, टॉर्क प्लेट म्हटल्यावर सगळे माझ्याकडेच बघतात 😅