अनुभव धागा: पाहुण्यांना नागपूर दाखवायचं तर कुठे, आणि मुख्य म्हणजे कधी?

खामल्याची ताई

नणंद आणि तिची कॉलेजात जाणारी मुलं ठाण्याहून येणार आहेत. ताडोबा झालं, पेंच झालं. या खेपेला त्यांना फक्त नागपूर हवंय: खरेदी, रात्रीचं भटकणं आणि थोडं सांस्कृतिक काहीतरी. घरी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या रामटेक दाखव, नवरा म्हणाला मॉल. म्हणून इथे धागा काढतेय.

नुसती दुकानांची यादी नको, ती कुठेही मिळते. तुम्ही गेलात तेव्हा काय झालं ते लिहा, आणि कोणत्या वेळी गेलात ते जरूर लिहा. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी... अर्धा आठवडा इथे वस्त्यांच्या नावात आहे. माझं मत असं की या गावात जागा थोडी इकडेतिकडे झाली तर चालतं, वेळ चुकली की सगळं फसतं. पटत नसेल त्याने मे महिन्यात दुपारी दोनला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उभं राहून बघावं.

महालची सून

ताई, साडीपासून सुरू करा. पाहुणी ठाण्याची आहे ना, पैठणी तिला तिकडेही मिळेल. तिला करवत काठी दाखवा. अंग टसर रेशमाचं, काठ सुती, आणि काठाच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. विणायला तीन धोटे लागतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा. दर ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत जायचं, म्हणून वेळखाऊ काम. या साडीला भौगोलिक मानांकनही आहे.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत गांधीबागेतल्या एका दुकानात मला "हातमागाची" म्हणून एक साडी दाखवली. मी खूश. सोबत आत्येसासूबाई होत्या, कोष्टी घरातल्या, माहेरी माग होता. त्यांनी साडी घेतली, काहीही न बोलता उलटी केली आणि काठ बोटाखालून फिरवत नेला. मागच्या बाजूला दात्यांपाशी कापलेले धागे सुटे दिसत होते. हातमागाच्या करवतीत दाते दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, कारण धागा तिथे कापलेला नसतो, अडकवलेला असतो. त्यांनी दुकानदाराला फक्त "भाऊ, दुसरी दाखवा" म्हटलं. दुसरी निघालीच. तेव्हापासून मी कुठलीही साडी आधी उलटी बघते, नवऱ्याला या सवयीचा फार वैताग येतो.

वेळ: सकाळी अकरा-साडेअकराला, दुकान नुकतं उघडलेलं असताना. गादीवरचा माणूस तेव्हा निवांत असतो, गठ्ठे सोडून दाखवतो. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर बडकस चौकातून केळीबाग रोड पार करायलाच अर्धा तास जाईल. गाडी नेऊच नका. मेट्रोने चितारओळी किंवा अग्रसेन चौकाला उतरा आणि चाला.

पौड फाटा

पुणेकर आहे, सासुरवाडी नागपूर, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खातो. सीताबर्डीचा मेन रोड म्हणजे आमच्या लक्ष्मी रोडला कुणीतरी हसायला शिकवल्यासारखा आहे. दुकानदार स्वतःहून हाक मारतो, दुपारी झोपायला जात नाही, आणि "नको" म्हटलं तर अपमान करत नाही. पहिल्यांदा मला संशयच आला होता.

फुटपाथवरच्या वस्तूंना घासाघीस चालते, आतल्या दुकानात फारशी नाही. मोबाइलचं कव्हर, चार्जर, हेडफोन वगैरे हवं असेल तर बर्डीतल्याच "मोदी नंबर" नावाच्या गल्ल्या. मुलांना तिथे सोडा आणि तुम्ही ज्यूस प्या.

रिक्षाबद्दल: मीटर हा इथे शोभेचा भाग आहे. बसण्याआधी भाडं ठरवा, नाहीतर मेट्रो. दोन्ही लाइन बर्डीलाच एकमेकींना मिळतात, त्यामुळे बर्डीला पोचायला रिक्षाची गरजच नाही.

आणि स्टेशनच्या वर दिसणारा किल्ला रोज बघता येत नाही. लष्कराच्या ताब्यात आहे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला सामान्य लोकांना आत सोडतात. 1817 साली भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली ती इथलीच. मी 15 ऑगस्टला सासऱ्यांबरोबर गेलो. ते दर वर्षी जातात आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगतात, आप्पासाहेब भोसले जिंकता जिंकता कसे हरले त्याची.

रातकिडा

रात्रीचं विचारलं म्हणून लिहून राहिलो. काकू, मुंबईच्या पोरांना "नाइटलाइफ" म्हणून काय पाहिजे ते आधी विचारून घ्या. पब, बार, डीजे असलं पाहिजे असंन तर धरमपेठ, वेस्ट हायकोर्ट रोड, रामदासपेठ, वर्धा रोड इकडे सगळं हाय. पण ते ठाण्यातही हाय.

आमची रात्र वेगळी. उन्हाळ्यात दिवसभर पारा पंचेचाळीसच्या आसपास, रस्ते सुने. आठ वाजले का गाव घराबाहेर पडते. फुटाळ्यावर पूर्ण खानदान असते, आजीपासून ते कडेवरच्या पोरापर्यंत. भुट्टा, मॅगी, गोळा, तलावावरून येणारा जरासा वारा. दहानंतर कपल आणि बुलेटवाले. मग सदर, मग कुठंतरी चहाची टपरी. मिहानमधल्या कंपनीतली शिफ्ट सुटली की आम्ही असंच फिरतो.

आणि खरं सांगू का, आमच्या रात्रीचा शेवट पोह्यानं होते. तर्री पोहे. कस्तूरचंद पार्ककडे सकाळी गर्दी पाहा, ऑफिसवाले, पोलिस, पोरं सगळे एकाच गाडीवर. पोहे साधे, वरून चण्याची लाल तर्री, त्यावर कांदा, थोडा चिवडा. पहिल्यांदा खाणाऱ्यानं "तर्री कम" म्हणावं. नंतर तोच वाटी पुढं करते, लिहून ठेवा.

एक लक्षात ठेवा, मेट्रो रात्री दहाच्या सुमारास बंद होते. पुढं स्वतःची गाडी, नाहीतर अॅपवरची टॅक्सी.

जेवणापुरतं

सावजी राहिलं. कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण, आता शहरभर पाट्या. दुपारी जा. रात्री खाल्लं तर सकाळचा कार्यक्रम रद्द समजा. सोबत दही मागवू नका, भोजनालयात सगळे वळून बघतात. शाकाहारी असाल तर पाटोडी रस्सा घ्या, तोही रडवतोच.

इंदोरा

सांस्कृतिक म्हटलं की लोक सभागृहांची नावं सांगतात. मी दीक्षाभूमीबद्दल लिहिते, कारण आमच्या घरची सगळ्यात मोठी खरेदी तिथे होते आणि ती पुस्तकांची असते.

14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, ती विजयादशमी होती. म्हणून दसऱ्याला आणि त्याच्या आगेमागे लाखोंनी लोक येतात. आमच्या घरात त्या काळात पाय ठेवायला जागा नसते. परभणीचे, अकोल्याचे, एकदा तर गुलबर्ग्याचे ओळखीच्या ओळखीचे लोक हॉलमध्ये झोपले होते. आई मोठ्या पातेल्यात खिचडी लावते आणि कोण किती जेवलं हे विचारत नाही.

रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात, नजर पोचेल तिथपर्यंत. मोठ्या प्रकाशनांच्या जाडजूड खंडांपासून दहा-वीस रुपयांच्या पातळ पुस्तिकांपर्यंत. मागे एक म्हातारी बाई बघितली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, वाचता येत नव्हतं. स्टॉलवरच्या पोराला म्हणाली, "नातीला बारावी हाय, तिला कामाचं दे." पोराने संविधानाची मराठी प्रत दिली. तिने पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली, नोटा मोजल्या, आणि पुस्तक पिशवीत टाकायच्या आधी कपाळाला लावलं. पोराने किंमत कमी केली का ते मला दिसलं नाही, पण त्याने काही नोटा परत तिच्या हातात कोंबल्या.

डिसेंबरात येणार असाल तर हे दिसणार नाही. पण स्तूप बाराही महिने बघता येतो. बाहेरून सांचीची आठवण देणारा, आत गेलं की भला मोठा पोकळ घुमट आणि आपसूक हळू होणारे आवाज. संध्याकाळी जा. रहाटे कॉलनीचं मेट्रो स्टेशन जवळ पडतं.

जागनाथ बुधवारी

सगळं लिहिलं आणि मारबत कुणी लिहिली नाही? कमाल आहे बाप्पा!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडून पिवळी मारबत, म्हणजे भला मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते आणि तिकडून काळी. 1880च्या दशकापासून चालू आहे. काळीचा संबंध इंग्रजांना मिळालेल्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईंशी जोडतात. दोघींची भेट होते तेव्हा इतवारीत माणसावर माणूस. गच्च्या, खिडक्या, बंद दुकानांचे पत्रे, सगळीकडे डोकी. सोबत बडगे. वर्षभरात ज्याने ज्याने लोकांना पिडलं त्याचा पुतळा: महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, पुढारी, डेंग्यूचा डास. ओरड एकच, "घेऊन जा गे मारबत!" शेवटी सगळ्यांचं दहन. कोणाला माहीत असेल दुसरीकडे असली मिरवणूक तर सांगा, मी तरी ऐकली नाही.

त्याच दिवशी दुपारनंतर लहान पोरं लाकडी नंदीबैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. हे बैल आधीच्या आठवड्यात बाजारात येतात. बोटाएवढ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत. माझ्याकडे आजोबांनी घेतलेला सागवानी बैल आहे, चाकं तीनदा बदलली, शिंगांचा पितळी साज तोच. पाहुण्यांना नेण्यासारखी नागपूरची वस्तू विचाराल तर मी बर्फीच्या आधी हा बैल सांगेन. तेव्हा येता येत नसेल तर चितारओळीत चक्कर मारा. मूर्तिकारांची गल्ली आहे, सणाच्या आधी गेलात तर अर्ध्या रंगवलेल्या मूर्तींच्या मधून वाट काढावी लागते.

संत्रा मार्केट

मेमध्ये संत्री मागणाऱ्या पाहुण्यांचा मला फार कळवळा येतो. आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्च. मृगाची जास्त गोड, हे माझं मत नाही, आमच्या वडिलांचं आहे, पण घरात तेच चालतं. साल सुटसुटीत निघालं पाहिजे आणि फळ हाताला जड लागलं पाहिजे. फार चकचकीत दिसलं तर मेण लावलेलं असू शकतं.

हंगाम नसेल तर संत्रा बर्फी. टिकते, प्रवासात सांडत नाही, शेजाऱ्यांना वाटता येते.

खामल्याची ताई

किती सुंदर लिहिताय सगळे! नणंद डिसेंबरात येतेय, म्हणजे मारबत आणि दसरा दोन्ही हुकले. साडी, फुटाळा, पोहे, दीक्षाभूमी आणि संत्री पक्कं. नाटक-गाणं काही?

सिव्हिल लाइन्स

देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, दोन्हीकडचे कार्यक्रम वर्तमानपत्राच्या शहर पानावर बघत जा. थंडीत काही ना काही असतंच. दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रात हस्तकलेचा मेळा लागला असेल तर सोडू नका, कारागीर स्वतः बसलेले असतात. अजब बंगला, म्हणजे 1863 पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, सोमवारी बंद. हे दर वेळी कुणीतरी सोमवारीच शोधून काढतं.

पण ताई, डिसेंबर म्हणालात? हिवाळी अधिवेशन कधी आहे ते बघितलंत का? त्या दिवसांत हॉटेलांचे दर आभाळाला, विधानभवनाच्या आसपास बॅरिकेड, रोज मोर्चे. झिरो माइलपासून बर्डीपर्यंत अर्धा रस्ता अडलेला असतो. तारखा बघूनच तिकिटं काढायला सांगा.

खामल्याची ताई

तिकिटं काढून झालीयेत.

पौड फाटा

मग मुलांना मोर्चा दाखवा. तोही नागपूरचाच हंगामी माल आहे.