सांगोल्याचे आबा आणि शेकाप

काहीजण म्हणतात की वकील आमदार झाला की नुसता कायद्याचा कीस काढत बसतो, पक्षाचं धोरण वगैरे जाहीरनाम्यापुरतं. अहो पण गणपतराव देशमुखांना विसरलात की! आबासाहेब वकीलच होते, १९६२ ला सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले आणि मधे १९७२ नि १९९५ ची हार सोडली (७२ नंतर पोटनिवडणुकीत परत आलेच) तर २०१४ पर्यंत तब्बल ११ वेळा आमदार, तेही एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षातून (शेकाप), लाल बावटा कधी सोडला नाही. मंत्री झाले तरी एसटीने प्रवास करणारा माणूस म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिले.

आता धोरणाचं. शेकापचा १९५० चा दाभाडी प्रबंध, म्हणजे पक्षाची भूमिका मांडणारा दस्तऐवज, सरळ मार्क्सवादीच, सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात तो पोथीतून वाचून दाखवून काय उपयोग? आबांनी त्याचं रूपांतर पाण्यात केलं, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना समान वाटून द्या ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, शिवाय सहकारी सूतगिरणी उभी करून ती नीट चालवूनही दाखवली, जे आपल्याकडे फार कमी जणांना जमलंय.

पक्ष मात्र आटत गेला हे खरंच. सांगोला नि रायगड सोडून राहिलं काय? २०१९ ला आबा थांबले आणि जागा थोडक्यात 'काय झाडी'वाल्या शहाजीबापू पाटलांकडे गेली, २०२४ ला नातवाने परत आणली. पण ती मतं शेकापच्या कार्यक्रमाला की आबांच्या नावाला, मला तरी नावालाच वाटतात.